उठलेल्या गावाची पांढर

लंडनहून डोव्हरकडे जाणारा ए-२ हा रस्ता दिसायला अगदी रुक्ष आहे. ट्रक, टँकर, ताशी सत्तर मैलांची घाई. ग्रेव्हझेंडच्या थोडं अलीकडे तो स्प्रिंगहेड नावाच्या एका खोलगट जागेवरून जातो. तिथे एक मोठा चौक आहे, खालून वेगवान रेल्वेचे रूळ गेलेत, बाजूला नव्या घरांच्या रांगा उभ्या राहताहेत. मुद्दाम थांबावं असं काही नाही. पण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात लंडनहून निघालेला प्रवासी इथे हमखास थांबला असता.

रोमन साम्राज्यातल्या रस्त्यांची आणि मुक्कामांची एक यादी आजही उपलब्ध आहे. अमुक ठिकाणाहून तमुक ठिकाण इतके मैल, एवढंच तिच्यात असतं, वर्णन वगैरे काही नाही. त्या यादीत रोचेस्टरच्या नऊ रोमन मैल अलीकडे 'व्हॅग्नियाकिस' असं एक नाव येतं. ते हेच स्प्रिंगहेड, असं अभ्यासक मानतात. शहर नव्हे, छावणी नव्हे. रस्त्यावर बसलेली वस्ती. आपल्याकडे हमरस्त्याला फाटा असतो, तसंच हे. मूळ गाव कुठेतरी आत असतं. पण फाट्यावर आधी चहाची टपरी येते, मग पंक्चरवाला, मग वडापावची गाडी, मग शेंदूर फासलेला एक देव, आणि बघता बघता फाटाच गाव होऊन बसतो. व्हॅग्नियाकिसचा क्रम मात्र उलटा होता. इथे देव आधी आला आणि रस्ता नंतर.

देव म्हणजे पाणी. एब्सफ्लीट ही छोटीशी नदी इथेच उगम पावते, खडूच्या खडकातून फुटणाऱ्या आठ झऱ्यांतून. रोमन यायच्या आधीच लोहयुगातल्या स्थानिकांनी या झऱ्यांकडे उतरणारी मिरवणुकीची वाट आखली होती आणि वरच्या अंगाला चर खणून एक आवार राखलं होतं. इसवी सन ४३ मध्ये रोमन फौजा केंटमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातल्या या परगण्यात, उतरल्या. त्यांचा रस्ता (पुढे अँग्लो-सॅक्सनांच्या तोंडी तो वॅटलिंग स्ट्रीट झाला) या पवित्र पाण्याजवळूनच गेला. नव्या सत्तेला जुन्या देवाशी भांडायचं नव्हतं, तिने त्याला दगडी देऊळ बांधून दिलं. मग आणखी एक, मग आणखी. पाहता पाहता देवळांचा अख्खा समूह उभा राहिला. भोवती लोहारांच्या भट्ट्या, पाव भाजणारे, दुकानदार. भाविक झऱ्यात नाणी टाकत, कपड्याला लावायच्या पिना टाकत. या पिना पुरातत्त्वज्ञांनी ढिगाने गोळा केल्यात.

सगळंच काही इतकं गोड नाही. १९५०-६० च्या दशकांत ग्रेव्हझेंडच्या स्थानिक इतिहास मंडळाने, डब्ल्यू. एस. पेन यांच्या पुढाकाराने, इथली देवळं खणली. एका लहान देवळाच्या कोपऱ्यांत चार तान्ही बाळं पुरलेली निघाली. दोन वेगवेगळ्या काळांत, प्रत्येक वेळी एक जोडी, आणि प्रत्येक जोडीतल्या एकाचं डोकं धडापासून वेगळं केलेलं. बुरुजाच्या पायात जिवंत माणसं गाडल्याच्या कथा ऐकत वाढलेल्या माणसाला हे वाचून लगेच 'नरबळी!' असं म्हणावंसं वाटतं. मी थोडा आवरतो. त्या काळात तान्ही बाळं मरणं हे रोजचं होतं, आणि आपसूक मेलेलं मूलसुद्धा विधीसाठी वापरलं जाऊ शकतं. पण सहज कुठेतरी पुरलेली बाळं चार कोपऱ्यांत अशी नेमकी बसत नाहीत, हेही तितकंच खरं.

याच परिसरात, साउथफ्लीटमध्ये, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला एका पाद्रीबुवांना एक दगडी पेटी सापडली होती. तिच्यात काचेचे कलश आणि जांभळ्या कातड्यावर सोन्याचं काम केलेले जोडे. कुणी श्रीमंताघरचं माणूस असणार. रोमन कायद्याने मृतांना वस्तीच्या आत जागा नव्हती. वेशीबाहेर, रस्त्याच्या कडेने त्यांची रांग लागायची, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर पडेल आणि नाव घेतलं जाईल. जवळच पेपर हिलला रेल्वेच्या कामात पाचशेहून जास्त थडगी निघाली. वॅटलिंग स्ट्रीटने या भागात येणारा माणूस आधी मेलेल्यांना भेटायचा आणि मग जिवंतांना.

गाव उठतं म्हणजे नक्की काय होतं? लहानपणी मला वाटायचं, शत्रू येतो, आग लागते, साथ येते. स्प्रिंगहेडला असं काही झालेलं दिसत नाही. चौथ्या शतकात वस्ती ओसरत गेली. देवळांची डागडुजी थांबली. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोमन कारभारच ब्रिटनमधून संपला. पगार बंद, सैन्य बंद, नवी नाणी यायची बंद. नाणी आली नाहीत तर थांबणाऱ्या प्रवाशाकडे द्यायला काय असणार? आणि थांबून तरी तो घेणार काय? थांबा गेला, की फाट्यावरची शेवटची भट्टी विझायला वर्षं लागत नाहीत. मी हे इतक्या खात्रीने म्हणतो, कारण याच दरीत तो प्रकार चालू जमान्यात घडलाय. २००७ मध्ये इथून हाकेच्या अंतरावर एब्सफ्लीट इंटरनॅशनल स्टेशन उघडलं. पॅरिसला, ब्रुसेल्सला जाणाऱ्या गाड्या तिथे थांबत. २०२० च्या मार्चमध्ये त्या थांबायच्या बंद झाल्या, आणि आता धाडधाड पुढे निघून जातात. लंडनची लोकल आहे म्हणून स्टेशन जिवंत आहे. नावातला 'इंटरनॅशनल' मात्र पाटीवर तसाच आहे.

पण रस्ता उठत नाही, त्याला कुणी राहावं लागत नाही. कुणी डागडुजी केली नाही तरी तो शतकानुशतकं चालण्याजोगा राहतो. भिंती खाली येतात, कौलं फुटतात, त्यावर गवत आणि काटेरी झुडपं माजतात, आणि मधून ती जुनी वाट तशीच डोव्हरकडे जात राहते. त्या वाटेवरून नवी माणसं आली.

नवी म्हणजे ज्यांना पुढे अँग्लो-सॅक्सन म्हटलं गेलं ती, उत्तर समुद्रापलीकडून, आजच्या डेन्मार्क, उत्तर जर्मनी, हॉलंडच्या किनाऱ्यांवरून. त्यातले केंटमध्ये आले ते ज्यूट, असं आठव्या शतकातला इतिहासकार बीड सांगतो. (हेंगिस्ट आणि होर्सा हे त्यांचे दंतकथेतले पुढारी ज्या एब्सफ्लीटला उतरले म्हणतात ते दुसरं, तिकडे थॅनेटला, पूर्व टोकावर. आमच्या दरीशी त्याचा संबंध नाही. पाहुण्यांना हे समजावताना माझी दमछाक होते.) या लोकांनी दगडाची घरं बांधली नाहीत. जमिनीत उथळ खड्डा घेऊन त्यावर लाकडी छप्पर घालायची त्यांची रीत होती. एब्सफ्लीटच्या मुखाकडे, नॉर्थफ्लीटला, एक मोठा रोमन वाडा होता. त्याच्या अवशेषांजवळ ही खड्ड्यावरची घरं सापडली. आणि इकडे स्प्रिंगहेडला, जिथे कोणी राहत नव्हतं, तिथे त्यांनी आपली माणसं पुरली. सातव्या शतकातली ही थडगी चॅनेल टनेलच्या रेल्वेसाठी झालेल्या उत्खननात उजेडात आली.

मला अडकवून ठेवतो तो हा तपशील. राहायला नाही, पुरायला. उठलेल्या गावाची ती पांढर, म्हणजे जुन्या गावठाणाची जागा, त्यांनी मृतांसाठी का निवडली?

केंटमध्ये ही एकच जागा असती तर योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं. कँटरबरीहून डोव्हरला जाणाऱ्या रोमन रस्त्यालगत किंग्स्टन नावाचं गाव आहे. तिथल्या माळावर शेकडो छोट्या मातीच्या उंचवट्यांखाली माणसं पुरलेली होती. अठराव्या शतकात ब्रायन फॉसेट नावाच्या पाद्रीबुवांना ते उंचवटे खणण्याचा नाद लागला. नाद हाच शब्द बरोबर आहे, कारण आयुष्यात त्यांनी केंटभर सातशेहून जास्त थडगी उघडली. त्या काळातले बाकीचे हौशी लोक चकाकणाऱ्या वस्तू काढून मोकळे होत. फॉसेटबुवा मात्र प्रत्येक थडग्याला क्रमांक देत, काय कुठे सापडलं ते लिहून ठेवत. १७७१ च्या ऑगस्टमध्ये किंग्स्टनला एका बाईच्या थडग्यातून त्यांना तळहातावर मावेल एवढी गोल सोन्याची ब्रोच मिळाली. लाल गार्नेटचे शेकडो बारीक तुकडे, मध्ये निळी काच, पांढरं शिंपल्याचं जडावकाम. अँग्लो-सॅक्सन सोनारकामाचा याहून सरस नमुना दाखवणं अवघड आहे.

आणि एवढी काळजीपूर्वक नोंद ठेवणाऱ्या या माणसाने ठरवलं काय, तर ही थडगी रोमन झालेल्या ब्रिटनांची आणि ब्रिटन झालेल्या रोमनांची! रोमन रस्ता शेजारी, थडग्यांत रोमन नाणी, मग दुसरं कोण असणार? १७९३ मध्ये जेम्स डग्लस नावाच्या दुसऱ्या एका पाद्र्याने हे अँग्लो-सॅक्सन आहेत असं मांडलं आणि काळ बरोबर लावला. फॉसेटबुवांचा संग्रह पुढे विकायला निघाला तेव्हा ब्रिटिश म्युझियमच्या विश्वस्तांनी १८५० च्या दशकात तो नाकारला. जोसेफ मेयर नावाच्या लिव्हरपूलच्या सोनाराने तो घेतला आणि नंतर शहराला देऊन टाकला. म्हणून केंटची ही ब्रोच बघायला आजही लिव्हरपूलला जावं लागतं. घरच्या इतिहासाची किंमत घरच्यांना न कळणं, हा रोग काही आपल्याच देशाचा नाही.

त्या गार्नेटबद्दल थोडं विषयांतर करतो. सहाव्या शतकातल्या युरोपीय दागिन्यांतले लाल खडे तपासले, तेव्हा त्यांतले पुष्कळसे भारतातून आणि श्रीलंकेतून आलेले निघाले. भारतातले मुख्यतः राजस्थानचे. सातव्या शतकात हा पुरवठा आटला, मग बोहेमियाचे (आजच्या चेक प्रजासत्ताकातले) बारीक खडे वापरात आले. त्याच सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा व्यापारी कोस्मास याने भारताच्या किनाऱ्यावरची मोठी बंदरं नोंदवली, त्यात 'कल्लियाना' आहे, म्हणजे आपलं कल्याण. तिथून तांबं-पितळ, शिसवी लाकूड आणि कापड जातं, असं तो म्हणतो. गार्नेटचं नाव त्याने कल्याणच्या यादीत घेतलेलं नाही, म्हणून मी इथे कल्याणचा झेंडा रोवणार नाही. पण केंटमधला कोणी कल्याणकर भेटला, की 'तुमचं बंदर एवढं जुनं!' हे सांगायचा मोह मला आवरत नाही.

तर, पांढर का निवडली? पहिलं उत्तर अगदी व्यवहारी आहे: पडक्या जागेत शेती करता येत नाही, नांगर दगडाला अडतो, म्हणून ती मेलेल्यांना द्यायची. हे उत्तर मला अपुरं वाटतं. केंटात मोकळी जमीन काही कमी नव्हती. शिवाय त्यांच्या थडग्यांत रोमन वस्तू मुद्दाम ठेवलेल्या आढळतात. भोक पाडून गळ्यात घातलेली नाणी, जुनी काच, शतकांपूर्वीच्या पिना, आणि बायकामुलींच्या कमरेच्या पिशवीत सांभाळून ठेवलेली किडुकमिडुक. नाण्यावरचा सम्राट कोण हे त्यांना ठाऊक असायचं कारण नाही. पण ते जुनं आहे, या मातीतलं आहे, एवढं नक्की कळत होतं.

मला वाटतं, नव्या मुलखात आलेल्या माणसाकडे जमीन असते, घर असतं, पण इथे पुरलेले आजोबा नसतात. ते उसने घ्यावे लागतात. उठलेल्या गावाचे मालक तक्रार करायला येत नाहीत. त्यांच्या भिंतींच्या सावलीत आपली माणसं ठेवली, रस्त्यावरून जाणाऱ्याला ती दिसली, की दोन पिढ्यांत ती जागा 'पहिल्यापासून आमचीच' होते. पुरातत्त्वात 'जुन्या स्मारकांचा पुनर्वापर' या नावाने यावर खूप लिहून झालंय, आणि त्यात सत्तेच्या, दाव्यांच्या गोष्टी असतात. त्या खऱ्याच आहेत. पण मला त्यात सत्तेपेक्षा थोडी धास्ती जास्त दिसते.

ती धास्ती दिसण्याचं कारण घरातलं आहे. आमच्या आधीच्या पिढीत, साठ-सत्तरच्या दशकांत डॉक्टर म्हणून आलेल्या मराठी मंडळींमध्ये, कुणी गेलं की दहन इथे व्हायचं आणि अस्थी कपाटात ठेवल्या जायच्या. पुढच्या भारतवारीत त्या नाशिकला रामकुंडावर. तिकिटं महाग असली तर वाट बघायची, पण न्यायच्या. मग माझे सासरे गेले. सासूबाईंनी सगळ्यांना बसवून सांगितलं, 'यांनी चाळीस वर्षं इथे पेशंट बघितले. नातवंडं इथे आहेत. गोदावरीला अर्धे देऊ, अर्धे इथेच.' माझ्या मेव्हण्याचा चेहरा उतरला. 'आई, इथे म्हणजे कुठे?' यावर त्यांनी खिडकीबाहेर हात केला, नुसताच. रीतसर परवानगी काढून आम्ही तो अर्धा भाग थेम्समध्ये भरतीच्या वेळेला सोडला. तेव्हापासून सासूबाईंचं एक वाक्य बदललंय. आधी त्या 'तुमच्या केंटमध्ये' म्हणायच्या. आता 'आमच्याकडे' म्हणतात. एवढंच. याहून जास्त अर्थ मी त्याला चिकटवत नाही, पण स्प्रिंगहेडच्या त्या थडग्यांचे नकाशे बघताना हे वाक्य कानात असतं.

आता कुणी म्हणेल, आलेले ते आलेले आणि गेलेले ते गेलेले, यात एवढी सरमिसळ कशाला? तर ती सरमिसळ हाडांतच आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात इंग्लंडच्या मध्ययुगीन थडग्यांतली पावणेतीनशेहून अधिक माणसं तपासली होती. पूर्व आणि दक्षिण इंग्लंडमधल्या त्या काळच्या लोकांत सरासरी ७६ टक्के वारसा उत्तर समुद्रापलीकडचा निघाला. म्हणजे मोठं स्थलांतर झालं, यात शंका नाही. पण उरलेला वारसा इथला होता, आणि पूर्णपणे स्थानिक रक्ताची माणसंही त्याच दफनभूमीत, त्याच रीतीने पुरलेली सापडली. कमरेला परदेशी धाटणीचा पट्टा बांधलेला माणूस परदेशीच असेल, असं नाही. फॉसेटबुवांचं 'रोमन झालेले ब्रिटन' चुकलं होतं खरं, पण मिसळ झाली असणार ही त्यांची जाण इतकी काही वाईट नव्हती.

आणि त्यात एक मुलगी आहे. ईस्ट्री हे गाव रिचबरोहून डोव्हरला जाणाऱ्या रोमन रस्त्यावर आहे. तिथे जवळच अपडाउन नावाच्या जागी सातव्या शतकातली दफनभूमी आहे. त्यात ११ ते १३ वर्षांची एक मुलगी, शेजारी एक नक्षीचं मडकं, सुरी, चमचा, हाडाची फणी. इतर मुलींसारखीच पुरलेली. तिच्या जनुकांतला जवळजवळ तिसरा हिस्सा पश्चिम आफ्रिकेतला निघाला, बापाच्या बाजूने, बहुधा आजोबांकडून. तो आजोबा केंटमध्ये आला की त्याचा मुलगा, हे हाडं सांगत नाहीत. पण तिची जागा दफनभूमीच्या कडेला नव्हती, तिचं मडकं कमी प्रतीचं नव्हतं. 'इंग्लंड मुळात कुणाचं' यावर इथे हल्ली फार तावातावाने बोललं जातं. बोलणाऱ्यांनी अधूनमधून ईस्ट्रीला जाऊन यावं.

सातव्या शतकाच्या शेवटी दरीत पुन्हा कामाचा आवाज सुरू झाला. नॉर्थफ्लीटच्या चिखलात रेल्वेच्या पुरातत्त्वज्ञांना लाकडी गिरणीचा सांगाडा मिळाला. भरतीचं पाणी अडवायचं, ओहोटीला सोडायचं, आणि त्या जोरावर आडवी चाकं फिरवून दळायचं. लाकडाच्या वलयांवरून ती झाडं तोडल्याचं साल निघालं: ६९१-६९२. झऱ्यांचं तेच पाणी. आधी त्याला नवस बोलत होते, आता त्याच्याकडून पीठ दळून घेत होते. मृतांना चर्चच्या आवारात नेण्याची रीत हळूहळू रुळली आणि रस्त्याकडेची पुरणी थांबली. पुढे हजारभर वर्षं स्प्रिंगहेडला सांगण्यासारखं काही घडलं नाही. मग १८०८ मध्ये विल्यम ब्रॅडबेरी नावाच्या माणसाने या झऱ्यांत वॉटरक्रेस नावाच्या पाणभाजीची इंग्लंडमधली पहिली व्यापारी लागवड केली. लंडनच्या नाश्त्याला ती भाजी गेली. देवाच्या पाण्यात भाजी लावली म्हणून कुणी नाक मुरडलं नाही, कारण देव कधीचाच विसरला गेला होता.

गिरणीनंतर तीनच वर्षांनी, ६९५ मध्ये, केंटचा राजा विट्रेड याने कायदे लिहून घेतले. त्यातलं एक कलम मला तोंडपाठ आहे. दुरून आलेला किंवा परका माणूस रस्ता सोडून आडवाटेने निघाला आणि त्याने ना हाक मारली ना शिंग फुंकलं, तर त्याला चोर समजावं. मारावं किंवा दंड घेऊन सोडावं. शेजारच्या वेसेक्स राज्याच्या कायद्यातही हे कलम आहे. म्हणजे परके येत होते, पुष्कळ येत होते, आणि रस्त्यावर असेपर्यंत त्यांचं कुणाला काही वाटत नव्हतं.

रविवारी मी आणि सासूबाई ए-२ च्या बाजूची पायवाट सोडून शेतातल्या वाटेने स्प्रिंगहेडकडे उतरतो. त्या साताऱ्याच्या बहिणीशी फोनवर बोलत असतात, आणि साताऱ्यापर्यंत आवाज स्वतःच्या बळावर पोचवायचा असल्यासारख्या बोलतात. मी एकदा म्हटलं, आई, जरा हळू, लोक बघतात. पुढच्याच आठवड्यात हे कलम माझ्या वाचनात आलं. आता मी काही म्हणत नाही.